नाल्यावरची दुकानं

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती माणसं अजून इथंच राहतात आणि मलाही इथंच राहायचं आहे. मी काटोलची. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला नाला होता, पण त्याची भीती कोणाला नव्हती. वरच्या अंगाला सगळे संत्र्याचे बगीचे होते. पाऊस कितीही पडला तरी अर्धं पाणी ती जमीनच पिऊन टाकायची. नाल्याला यायचं ते उरलेलं, गढूळ आणि सावकाश.

पुढं झाडं वाळत गेली, बगीचे तुटले आणि त्या जागी प्लॉट पडले. घरं आली, सिमेंटचे रस्ते आले. आम्हाला बरंच वाटलं, गाव वाढतंय म्हणून. मग एका पावसाळ्यात पाणी गल्लीत शिरलं. पुढच्या वर्षी घरात शिरलं. त्यानंतर दर पावसाळ्यात दोन-तीनदा शिरायला लागलं. आधी मोरीतून बुडबुडे येत, मग काळं पाणी वर चढे, आणि आम्ही धान्याच्या कोठ्या विटांवर, विटा पाटांवर, असं करत बसायचो. पाणी ओसरल्यावर जी घाण राहायची तिचा वास दिवाळीपर्यंत भिंतीतून जात नसे.

आमच्या शेजारचं घर गल्लीतलं सगळ्यात खालचं. तिथं काकू आणि काका राहायचे. काकूंची पिठाची चक्की होती, घराच्या पुढच्या खोलीतच. सकाळपासून तिचा आवाज सुरू असायचा. काकूंच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. काका पूर्वी नागपूर लाइनच्या खाजगी बसवर कंडक्टर होते. त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. आतल्या खोलीत खिडकीजवळ त्यांची खाट होती. बोलणं अडखळत यायचं, पण गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं. मी शाळेतून परत आले की ते खिडकीतून डावा हात वर करायचे. मी सरकारी शाळेत हिंदी शिकवते, म्हणून गल्लीचे सगळे अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतले जायचे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण गाव सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, म्हणून सरकारशी हिंदीत बोलावं लागतं.

नाल्याचे अर्जही मीच लिहिले. एके दिवशी उत्तर आलं, आणि नगर परिषदेनं मंगल भवनात सगळ्यांना बोलावलं.

त्या सभेबद्दल मी खूपदा विचार केला आहे. कोणी लबाडी केली असती तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं. तसं काही झालं नाही. अध्यक्ष साधा माणूस होता. त्यानं माईक हातात घेऊन सरळ सांगितलं, "पक्का नाला बांधायचा तर सरकार पैसा देते, पण सगळा नाही देत. आपला वाटा आपल्याले टाका लागते. आन् आपल्या तिजोरीत, खरं सांगतो, सफाईवाल्यांचा पगार वेळेवर निघत नाही."

मग त्यानं पैसा उभा करायचे मार्ग सांगितले. घरपट्टी वाढवायची. सभेतून आरडाओरडा झाला. वरच्या कॉलनीवाल्यांनी विकास शुल्क भरायचं, कारण पाणी त्यांच्याकडून येतं. कॉलनीतले एक गृहस्थ उभे राहिले. "आमच्या घरात पाणी येत नाही. आम्ही काऊन भरायचं?" त्यावर टाळ्या पडल्या. ज्यांच्या घरात पाणी येत होतं त्यांनी वर्गणी काढायची. आमची गल्ली गप्प बसली, कारण आमच्यातले अर्धे लोक मजुरीवाले.

मग बाजारातला एक व्यापारी उठला. म्हणाला, नाला बांधल्यावर वरून स्लॅब टाका. स्लॅबवर दुकानं काढा, लिलाव करा. पगडीचा पैसा येईल, त्यातून आपला वाटा भरा. नाला फुकटात होते आणि गावाला बाजारही भेटते.

सभेत एकदम जीव आला. कोणावर कर नाही, कोणाला वर्गणी नाही. इंजिनिअर साहेब जरा अडखळत म्हणाले, "सफाई के लिए ढक्कन रखने पड़ेंगे, ये ध्यान में रखिएगा." सगळे म्हणाले, ठेवू ना. हात वर करा म्हटल्यावर मंगल भवनात हातच हात दिसले. माझाही होता. काकूंनी तर दोन्ही केले.

परत येताना काकू म्हणाल्या, "सूनबाई, एक दुकान मी घेऊन राहिली."

"काकूजी, तुमी? बोली लय वर जाईन."

"जाऊ दे. चक्की वर गेली तर मोटर भिजणार नाही. दरसाल जळलेली मोटर भरून आणा लागते, अर्धं दळण त्यातच जाते. आन् बाजारात गिऱ्हाईक बी भेटीन." मग गल्लीत शिरताना काकांच्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "यायच्या दवाईले लागते ना वो."

लिलावात त्या पुरुषांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दुकान घेऊन आल्या. त्यासाठी त्यांनी काय मोडलं ते मी विचारलं नाही. पोळ्याला त्यांच्या गळ्यात नुसती काळी पोत होती, तेवढं मी पाहिलं.

नाला बांधला गेला. म्हणजे बसस्टँडपासून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत बांधला गेला. तिथून नदीपर्यंतचा भाग दुसऱ्या टप्प्यात होणार होता, कारण पैसा तेवढाच पुरला. वरून सपाट स्लॅब पडला, त्यावर शटरवाल्या दुकानांची रांग उभी राहिली. मोबाइलचं दुकान, बी-बियाण्याचं, कपड्याचं, हॉटेल, आणि आमच्या टोकाला काकूंची चक्की. उद्घाटनाला मंडप घातला होता. काकूंनी गल्लीत घरोघरी पेढे दिले आणि काकांना व्हीलचेअरवर बसवून दुकान दाखवायला नेलं. काकांनी मान वर करून पाटी वाचली. बायकोचं नाव होतं पाटीवर. मग डाव्या हातानं डोळे पुसले.

त्या वर्षी पाणी आलं नाही. आता आठवतं की त्या वर्षी पाऊसच कमी होता, सोयाबीन वाळलं होतं. पण तेव्हा आम्ही म्हटलं, नाल्यानं काम केलं. मोरीवर दगड ठेवायची सवय सुटली. मी माझी पुस्तकं खालच्या कप्प्यात लावली. आमचं जिल्ह्याचं ठिकाण आता पांढुर्णा झालं होतं आणि लोक म्हणत होते की कलेक्टर साहेब जवळ आले, आता कामं भराभर होतील. दुसरा टप्पाही लवकरच होणार, असं पार्षद, म्हणजे आमचा नगरसेवक, भेटेल तेव्हा सांगायचा.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधीचा रविवार होता. सकाळपासून पाऊस होता, पण तसा पाऊस आम्ही पुष्कळ पाहिलेला. दुपारी जेवणं झाली आणि एकदम अंधारून आलं. वरच्या कॉलनीच्या रस्त्यांवरून पाणी यायला लागलं तेव्हा त्याचा आवाज ट्रकसारखा होता. मिस्टर दारात गेले आणि ओरडले, "अवो, हे पाह्य!"

पाणी नाल्यातून येत नव्हतं, दुकानांच्या मागच्या भिंतीवर आदळून गल्लीत वळत होतं. पूर्वी नाला भरून वाहायचा, त्याला वेळ लागायचा. आता नाल्याचं तोंडच बुजलं होतं आणि दुकानांची रांग धरणासारखी आडवी उभी होती. आम्ही कोठी उचलेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. मग मला काका आठवले. रविवार बाजाराचा दिवस, काकू चक्कीवर होत्या.

मी आणि मिस्टर शेजारी गेलो. दार आतून पाण्यानं दाबलं गेलं होतं, ते खांद्यानं ढकलून उघडलं. आत पाणी खाटेला टेकलं होतं आणि गादीनं पाणी ओढून घेतलं होतं. काका पाठीवर पडले होते, मान ताणून वर धरलेली, डावा हात खिडकीच्या गजाला घट्ट. हाक मारता येत नव्हती म्हणून ते नुसते गज हलवत होते. किती वेळ हलवत होते कोण जाणे. आमच्या घरात तो आवाज आला नाही. पावसानं काही ऐकू येत नव्हतं.

गजावरून त्यांची बोटं सोडवायला मला फार जड गेलं. ती सुटतच नव्हती. मी म्हणत होते, "काकाजी, मी आहो, सोडा, आमी धरलं तुमाले." मिस्टरांनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि समोरच्या दुमजली घरात नेलं. मी मागून त्यांचे पाय धरून चालले. ते पाय इतके थंड होते.

काकू अर्ध्या तासानं आल्या, छातीभर पाण्यातून, लोकांनी बांधलेल्या दोराला धरून. दुकानात त्यांच्या पायालाही पाणी लागलं नव्हतं. मागच्या झरोक्यातून त्यांना गल्ली दिसत होती, आपलं घर दिसत होतं, पण रांगेला मागून उतरायला जागाच नव्हती. पूर्ण बाजाराला वळसा घालून त्या आल्या. केसांवर पीठ होतं, त्याची ओली कणीक झाली होती. काकांना पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

काकांच्या छातीत कफ झाला. आधी सौंसरला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. मी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांच्या तोंडावर नळी होती. मला पाहून त्यांनी डावा हात थोडा उचलला. पोळा झाला आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत असताना त्यांना घरी आणलं. जिवंत नाही आणलं.

तेरवी झाली. त्यानंतर नगर परिषदेची माणसं नाला पाहायला आली. एकेका दुकानात शिरून ती जमिनीवर लोखंडी सळई ठोकत होती. स्लॅबला ठरावीक अंतरावर सफाईची झाकणं ठेवली होती, इंजिनिअर साहेब म्हणाले होते तशी. पण कपडेवाल्यानं वरून टाइल्स बसवल्या होत्या. हॉटेलवाल्यानं भट्टीचा ओटा बांधला होता. बियाण्यावाल्यानं पोत्यांची थप्पी लावली होती, ती मात्र हलण्यासारखी होती. आणि शेवटचं झाकण, जिथून सगळा गाळ बाहेर काढायचा होता, ते चक्कीच्या खाली होतं. चक्की हलू नये म्हणून काकूंनी सिमेंटचा ओटा करून घेतला होता. तेव्हा त्यांनी ठेकेदाराला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, चिंता नका करू माय, मागूनही रस्ता आहे. मागून रस्ता नव्हता.

मी काकूंबरोबर उभी होते. मुकादमानं सांगितलं तेव्हा त्या ओट्याकडे पाहत राहिल्या.

"याच्या खाली?" त्यांनी विचारलं.

"हो जी. हेच मेन होतं."

"मंग फोडा."

"माय, तुमची चक्की..."

"फोड म्हटलं ना गा!"

मुकादम वरून हुकूम पाहिजे म्हणाला. काकूंनी वाट पाहिली नाही. चक्की त्यांनी पांढुर्ण्याच्या एका माणसाला मिळेल त्या भावाला देऊन टाकली, आणि मजूर लावून स्वतःच्या खर्चानं ओटा फोडला. झाकण उघडलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. खाली पाणी नव्हतंच. स्लॅबला टेकेपर्यंत गाळ होता, त्यात संत्र्याच्या पेट्यांतलं तणस, प्लास्टिकचे क्रेट, पन्न्या, चपला, असं सगळं एकमेकांत विणल्यासारखं. मजुरांनी ओढून ओढून बाहेर काढलं. पण आत हात पुरेल तेवढंच निघालं. पुढचं झाकण हॉटेलच्या भट्टीखाली होतं.

काकू हॉटेलवाल्याकडे गेल्या. मी सोबत होते.

"भाऊ, तुमी बी फोडा ना जी. एकटीचं फोडून काही होऊन नाही राहिलं."

हॉटेलवाला हात जोडून उभा राहिला. तोही काही वाईट माणूस नव्हता. काकांच्या मयतीला खांदा दिला होता त्यानं. म्हणाला, "काकूजी, मी पगडी भरली, त्यासाठी कर्ज काढलं. भट्टी फोडली तर मी काय करू? नगर परिषदेनं माझा पैसा वापस द्यावा, मी आजच सोडतो."

नगर परिषदेत गेलो. तिथं सांगितलं, पैसा परत देता येत नाही, कारण तो नाल्यातच गेला. दुकानं पाडायची तर लोक कोर्टात जातील. दुकानांचं भाडं येतं त्यावर गावाचे दिवे जळतात. साहेब नवीन होते, जुने बदली होऊन गेले होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि शांतपणे समजावून सांगितलं. प्रत्येक गोष्ट खरी होती. बाहेर आल्यावर काकू पायरीवर बसल्या.

"सूनबाई, कोणाले शिव्या देऊ सांग बरं," त्या म्हणाल्या. "एक माणूस दाखव मले."

मी त्यांना हात देऊन उठवलं.

दिवाळीच्या आधी त्या सौंसरला लेकीकडे राहायला गेल्या. दुकानाचं शटर बंद केलं, ते बंदच आहे. उघडलेल्या झाकणावर नगर परिषदेनं पत्रा टाकून ठेवला. हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. बसमधून उतरले तेव्हा संत्र्याचे ट्रक भरून उभे होते, सगळीकडे तोच वास. लेकीचं घर चांगलं आहे, उंचावर आहे. काकू गच्चीवर उन्हात बसल्या होत्या. भुवया काळ्या झाल्या होत्या, म्हणजे त्या तशाच होत्या, पीठ नव्हतं एवढंच. मला त्या ओळखू येईनात क्षणभर.

मी गल्लीतल्या गोष्टी सांगायला लागले. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला नातू झाला. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. जेवताना पोळी हातात घेऊन म्हणाल्या, "पॅकेटचा आटा हाये. इथं हेच खातेत." आणि खाल्ली.

निघताना मी विचारलं, "काकूजी, या ना कधी. तिकडं सारे विचारतेत तुमाले."

"त्यायचा हात सोडवता नाही आला म्हणे लवकर," त्या म्हणाल्या.

हे त्यांना कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी तर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही काकूजी, लगेच सुटला." खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, आणि लेकीला म्हणाल्या, मॅडमला संत्री दे पिशवीभर.

उन्हाळ्यात पुन्हा सभा झाली. आता दुकानं पाडता येत नाहीत म्हणून दुकानांना वळसा घालून दुसरा नाला बांधायचा ठरतो आहे. त्यासाठीही सरकार पैसा देणार, आणि त्यासाठीही आपला वाटा टाकायचा आहे. या वेळी प्रत्येक घरावर जल-निकासी शुल्क, म्हणजे पाण्याच्या निचऱ्याचा कर, बसवलं. मी सभेला गेले नाही. मिस्टर गेले होते. म्हणाले, फार लोक नव्हते, कोणी ओरडलंही नाही. शुल्क मी भरते. पावती येते. नाल्याची आखणी म्हणून चुन्याची एक रेघ मारून गेले होते, ती पहिल्या सरीनं धुतली.

मग गल्लीतल्या लोकांनी आपापलं पाहायला सुरुवात केली. ज्याला जमलं त्यानं उंबऱ्यासमोर भिंत घातली, अंगण भरून वर घेतलं. आम्हीही घेतलं. गवंडी म्हणाला, मॅडम, दोन विटा अजून चढवू काय, आणि मी म्हटलं चढव. मला ठाऊक होतं की आमचं अंगण वर गेलं की तेवढं पाणी शेजारी जाणार. शेजारी कोणी राहत नाही, असं मी मनाशी म्हणत होते.

या महिन्यात काकूंच्या लेकीनं ते घर भाड्यानं दिलं. बोरगावकडच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण आहे, बायको आणि मांडीवरची मुलगी. सामान फार नाही. काकांची खाट घरातच होती, तीच त्यांनी खिडकीजवळ ठेवून घेतली. परवा त्याची बायको आमच्याकडे विरजण मागायला आली. भिंतीवरची पुराच्या पाण्याची काळी रेघ तिनं पाहिली असावी, कारण वाटी हातात घेऊन ती थांबली.

"मॅडम, इथं पाणी येते काय जी?"

मी म्हटलं, "येते."

"घरात येते?"

"येते बाई. तुमच्या घरात सगळ्यात जास्त येते."

तिनं थोडा विचार केला. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. "पण किराया कमी हाये ना," ती म्हणाली, जसं काही मीच तिला समजून घ्यायला हवं होतं. मग विरजणाची वाटी पदराखाली धरून, आमच्या उंच केलेल्या अंगणावरून जपून पाय टाकत, ती खाली आपल्या घरात उतरली.